बोथट धारेचे कसब

धार जितकी तीक्ष्ण तितका कारागीर कुशल, असे आपण धरून चालतो. चिनी परंपरेतील अंग चोळण्याच्या धातूच्या साधनांना मात्र उलटी कसोटी लागते. काठ त्वचेवरून जोर देऊन फिरावा, पण कापू नये. तो नेमका किती बोथट ठेवायचा, यातच घडवणाऱ्याचे कसब आहे.

ही जाण जुनी आहे. ‘लिंगशू’ या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथात ९ प्रकारच्या सुयांचे वर्णन आहे. त्यांतली एक अंड्यासारख्या गोल टोकाची, मांसाला इजा न करता चोळण्यासाठी. दुसरी साडेतीन छुन (चिनी इंच) लांब, टोक राळ्याच्या दाण्यासारखे; ती टोचायची नाही, नुसती दाबायची. घरोघरी चालणाऱ्या ‘ग्वा-शा’ या अंग घासण्याच्या उपचारात तर तेल लावलेल्या पाठीवर चिनी मातीचा चमचा, तांब्याचे नाणे किंवा म्हशीच्या शिंगाची पट्टी घासली जाई. आज त्यांच्या जोडीला तांबे, कासे आणि स्टीलच्या पट्ट्या आल्या आहेत.

अशा पट्ट्या हाताने घडवणे सोपे नाही. तांबे थंड ठोकत गेले की कडक होते आणि पुढे चिरते. म्हणून मधूनमधून तापवून ते मऊ करावे लागते. काशाची रीत वेगळी. शेकडा २०-२२ भाग कथील असलेले कासे थंड ठोकले तर फुटते. ते तापून लाल असतानाच घडवायचे आणि पाण्यात बुडवायचे. पोलाद असे बुडवले की ठिसूळ होते, कासे उलट चिवट होते. चिनी घंटाथाळ्या याच जातीच्या धातूच्या आणि आपली काशाची वाटीही याच कुळातली. शेवटी कानस, मग पॉलिश पेपर आणि पुन्हा पुन्हा काठावरून फिरणारे बोट. ठशाने कापलेल्या स्वस्त पट्टीवर राहिलेली बारीक कच डोळ्याला दिसत नाही, पाठीला कळते.

काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय चोळले की ते काळे पडतात आणि ‘उष्णता बाहेर आली’ असे घरात म्हटले जाते. खरे तर तो धातू आणि तुपाचा मळ असतो. ग्वा-शात उठणारे लाल वळही शरीरातले विष नव्हे; त्वचेखालच्या केशवाहिन्या फुटून झिरपलेले ते रक्त आहे. चोळल्याने आराम वाटतो, हा अनेकांचा अनुभव खोटा नाही. पण त्याचे श्रेय धातूच्या गूढ शक्तीला देऊन साधने विकणे हा ग्राहकावर अन्याय आहे आणि कारागिरावरही. कारण ज्याची पारख करता येते ते त्याचे काम, तेच अशा दाव्यांमागे झाकले जाते.

म्हणून मागणी साधी असावी. मिश्रणात काय आहे, ते साधनावर लिहिलेले असावे. यंत्रावर सहज कापले जावे म्हणून काही पितळांत शिसे घालतात, ते त्वचेवर घासायच्या वस्तूत नको. घासताना रक्त येऊ शकते, त्यामुळे एकाचे साधन निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्याला वापरू नये. आणि हाताने घासून गुळगुळीत केलेल्या काठाचे मोल त्या श्रमाच्या हिशेबाने व्हावे. ‘लिंगशू’ने प्रत्येक सुईची लांबी, टोक आणि उपयोग नोंदवून ठेवला. आजच्या विक्रेत्याने निदान तेवढे सांगावे.