परिचारिकेची सही आणि मणक्याचा दवाखाना

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आमच्या परिचयाच्या एक माता भेटावयास आल्या. त्यांची कन्या नाशिकमध्ये परिचर्येची पदवी घेऊन प्रथम मुंबईस व पुढे अमेरिकेस गेली. तेथे नोकरी सांभाळून तिने आणखी शिक्षण घेतले आणि ती 'नर्स प्रॅक्टिशनर' झाली. घरादाराला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. परंतु मातेच्या चेहऱ्यावर चिंता होती. त्या म्हणाल्या, "फादर, पोरीला तिकडं कुण्या हाडवैद्याकडं नोकरी मिळतेय म्हणे. एवढं शिकून हाडवैद्याच्या हाताखाली?"

त्यांचा हाडवैद्य म्हणजे अमेरिकेतील कायरोप्रॅक्टर. तुलना अगदीच चुकीची नव्हे, पण पुरतीही नव्हे. १८९५ साली आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या गृहस्थाने एका बहिऱ्या कामगाराच्या पाठीचा मणका दाबला व त्याला ऐकू येऊ लागले असा दावा केला. या पद्धतीचा आरंभ तेथून मानतात. मणके जागेवरून किंचित सरकले की शरीराचे व्यापार बिघडतात, ही तिची मूळ कल्पना आधुनिक वैद्यकशास्त्राने स्वीकारलेली नाही. तरीही तेथे हा रीतसर परवाना असलेला व्यवसाय आहे. अमेरिकन वैद्यक संघटनेने या मंडळींवर बहिष्कार घालण्याचा कट केला, असा निर्णय तेथील न्यायालयाने १९८७ साली त्यांच्या बाजूने दिला होता. अमेरिकेतील भिषग्वर्यांच्या महाविद्यालयाने २०१७ साली कंबरदुखीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत गोळ्या देण्यापूर्वी करून पाहण्याच्या उपायांमध्ये शेक, व्यायाम, मालिश यांबरोबर मणक्याच्या हस्तोपचारालाही जागा दिली. मात्र त्यामागचा पुरावा फारसा भक्कम नसल्याची नोंदही केली. तेव्हा सरसकट थोतांड म्हणून हात झटकणे योग्य नव्हे, आणि बहिरेपणापासून मधुमेहापर्यंत सर्व काही मणक्याने बरे होते असे सांगणाऱ्यावर विसंबणे तर मुळीच योग्य नव्हे.

दुसरीकडे नर्स प्रॅक्टिशनर. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने पहिला अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत डॉक्टर पोहोचत नाहीत, परिचारिका पोहोचते. मग तिलाच तपासण्याचे व उपचार करण्याचे पुढचे शिक्षण का देऊ नये, असा साधा विचार त्यामागे होता. आज तेथील नर्स प्रॅक्टिशनर रोगनिदान करते, तपासण्या लिहून देते, औषधचिठ्ठी लिहिते. निम्म्याहून अधिक राज्यांत तिला हे काम डॉक्टरच्या देखरेखीशिवाय करता येते. उरलेल्यांत कोणा डॉक्टरशी लेखी करार असावा लागतो.

आता या दोघांची गाठ पडते ती कशी? सरळ सांगावयाचे तर पैशामुळे व परवान्यामुळे. कायरोप्रॅक्टरला जवळपास सर्व राज्यांत औषध लिहिण्याचा अधिकार नाही. वृद्धांसाठी असलेला 'मेडिकेअर' हा सरकारी विमा त्याला केवळ मणक्यावरील हस्तोपचाराचेच पैसे देतो. तपासणीचे नाही, एक्स-रेचेही नाही. याउलट १९९७ च्या कायद्यानंतर नर्स प्रॅक्टिशनरला हाच विमा डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के रक्कम थेट देतो. दवाखान्यात एक नर्स प्रॅक्टिशनर आली की तपासणी, इंजेक्शन, औषध या साऱ्याचे बिल करता येते. एका खुर्चीने दवाखान्याचे अर्थकारणच पालटते.

यात चांगले काही नाही असे नव्हे. पाठ दुखते म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचे दुखणे पाठीतच असते असे नाही. कर्करोग हाडांत उतरलेला असू शकतो, मूत्रपिंडात खडा असू शकतो, मणका ठिसूळ होऊन पिचलेला असू शकतो. अशा माणसाच्या पाठीवर जोर पडण्याआधी कोणी शहाण्या परिचारिकेने त्याची नाडी, रक्तदाब, वजनातील घट, रात्रीचा ताप यांची विचारपूस केली, तर त्यात रोग्याचे केवढे हित आहे! तिला 'थांबा' म्हणता आले तर तीच त्या दवाखान्यातील सर्वांत मोलाची व्यक्ती.

परंतु पुष्कळदा तिचे ज्ञान नको असते, हवी असते तिची सही. अमेरिकेच्या न्याय विभागाने गेल्या काही वर्षांत अशी अनेक प्रकरणे मिटवली आहेत. कानाला चिकटवायचे एक लहानसे विद्युत-सूचिका उपकरण. त्याचे बिल मात्र शस्त्रक्रियेने शरीरात बसवलेल्या यंत्राचे म्हणून विम्याकडे धाडलेले. अशा बिलांपायी वेदनानिवारण केंद्रांना व कायरोप्रॅक्टिक दवाखान्यांना मोठ्या रकमा परत कराव्या लागल्या. अशा कागदांवर ज्यांच्या नावाने उपचार दाखवलेले असतात, त्यांना 'मालकाने सांगितले' एवढे म्हणून सुटता येत नाही. परवाना ज्याचा, जबाब त्याचा.

म्हणून आम्ही त्या मातेला सांगितले की हाडवैद्याच्या हाताखाली काम करण्यात कमीपणा नाही. पण मुलीला दोन गोष्टी विचारून घ्यावयास सांगा. तिने तपासून 'या रोग्याच्या मानेला हात लावू नका' असे लिहिले तर ते पाळले जाईल काय? आणि तिच्या नावाने जाणारे प्रत्येक बिल तिला पाहावयास मिळेल काय?

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्याजोगे असते तर आम्ही येथे लिहिले नसते. 'कायरोप्रॅक्टिक' हा शब्द आता आपल्याकडील पाट्यांवरही दिसू लागला आहे. मान कडकन मोडल्याच्या चित्रफिती मोबाईलवर फिरतात व आपली तरुण मंडळी त्या एकमेकांना पाठवतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उभे राहून काम करणारे, लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात कांद्याची पोती वाहणारे, द्राक्षबागांत तासन्‌तास मान वर करून घड विरळणाऱ्या भगिनी, यांच्या पाठी व माना दुखणारच. सरकारी रुग्णालयात रांग, खाजगी अस्थिरोगतज्ज्ञाची फी अधिक. मग ज्याची पाटी जवळ त्याच्याकडे माणूस जातो.

आम्हीही गेलो होतो; कबुली देतो. सुरगाण्याकडील गावांना मोटारसायकलने हिंडून आमच्या कंबरेचे व्हावयाचे ते झाले होते. कोणी सुचवले म्हणून एका ठिकाणी (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) जाऊन बसलो. उपचारक गृहस्थांच्या मागे पांढऱ्या गणवेशातील एक तरुण परिचारिका उभी होती. गणवेश पाहून आम्हांस धीर आला, हे खरे. गृहस्थ फोनवर बोलावयास बाहेर गेले तेव्हा ती हलकेच म्हणाली, "फादर, तुम्हाला रात्री ताप येतो का? आधी एक्स-रे काढून घ्या ना." गृहस्थ परतले तशी ती पुन्हा भिंतीला टेकून उभी राहिली.

तिने तापाविषयी का विचारले हे आम्हांस नंतर एका डॉक्टर मित्राने समजावले. क्षयरोगाचे जगात सर्वाधिक रुग्ण आपल्या देशात आहेत, आणि हाडांच्या क्षयाचे सर्वांत नेहमीचे ठिकाण म्हणजे पाठीचा कणा. क्षयाने पोखरलेल्या मणक्यावर जोर दिला तर पायांतील बळ जाऊ शकते. आमचा एक्स-रे सुदैवाने स्वच्छ निघाला. पण त्या खोलीत रोग्याच्या दृष्टीने सर्वांत आवश्यक प्रश्न जिला सुचला, तिला तो उघडपणे विचारता येत नव्हता. तिचा गणवेश तेथे कामाला लावला होता. तिची विद्या नव्हे.

कायदा तिच्याविषयी काय म्हणतो? येथे नाशिककरांनी थोडे थांबून पाहावे, कारण या प्रश्नाच्या पुष्कळ दोऱ्या आपल्याच गावी येऊन मिळतात. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ साली स्थापन झालेले. ॲलोपॅथी, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, दंतवैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार, या सर्वांच्या पदव्या त्याच्या शिक्क्याने मिळतात. कायरोप्रॅक्टिकसाठी मात्र आपल्या देशात स्वतंत्र वैधानिक परिषदच नाही; त्यामुळे पाटी लावणारा भौतिकोपचाराचा पदवीधर आहे की परदेशी शिक्षण घेतलेला, की चार आठवड्यांचा वर्ग करून आलेला, हे रोग्याला पाटीवरून उमगत नाही.

परिचारिकेची नोंद १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमानुसार होते. तिला औषध देता येते, लिहिता येत नाही. केंद्र शासन व भारतीय परिचर्या परिषद यांनी अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा २ वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला, त्याला आता जवळपास दशक होत आले. २०१८ च्या अखेरीस प्रसूतिसेवेसाठी १८ महिन्यांच्या अभ्यासक्रमाची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. नाव अमेरिकेतले आले. अधिकार मात्र बोटीत बसला नाही! रुग्णालयाने आखून दिलेल्या लेखी चौकटीत तिने काम करावे, एवढीच त्या अभ्यासक्रमाची झेप आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियमातील ३२ व्या कलमाने 'सामुदायिक आरोग्य प्रदाता' म्हणून मर्यादित परवान्याचे दार किलकिले केले, तेव्हा डॉक्टर देशभर रस्त्यावर आले.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. २०१४ साली आपल्या राज्याने कायदे दुरुस्त करून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केल्यास ॲलोपॅथीची औषधे लिहिण्याची मुभा दिली. तो अभ्यासक्रम नाशिकचेच विद्यापीठ चालवते. २०२५ च्या जून अखेरीस त्यांची नोंदणी करण्याचे वैद्यक परिषदेने जाहीर केले. विरोध झाला, जुलैत ते थांबले. सप्टेंबरमध्ये शासनाने पुन्हा आदेश काढला आणि १८ सप्टेंबरला ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. संपकऱ्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका खटल्यात, होमिओपॅथीच्या पदवीधराने ॲलोपॅथीचे उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय, असे म्हटले होते. दुसऱ्या बाजूस, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर पुष्कळदा होमिओपॅथी वा आयुर्वेदाचाच असतो, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांना नावे ठेवणे आमच्याने होणार नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. या साऱ्या वादात वृत्तपत्रांनी रकाने भरले, सभा झाल्या, न्यायालयाची पायरी चढली गेली. पण जिने ४ वर्षे आधुनिक औषधांच्याच मात्रा, दुष्परिणाम व धोक्याची लक्षणे शिकण्यात घालवली, त्या परिचारिकेचे नाव कोणी काढले काय? तिच्या बाजूने बोलणारी संघटना दुबळी, ती बहुतेक स्त्री, आणि 'सिस्टर' म्हटले की सांगितलेले ऐकणारी असे आपण गृहीत धरलेले. २०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसूतिसेवेसाठी नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्या आयोगाने आधी तिचे अधिकारक्षेत्र लिहून काढावे असे आम्हांस वाटते: कोणती औषधे, कोणत्या तपासण्या, आणि कोणत्या प्रसंगी मालकाचा आदेश नाकारण्याचा हक्क. शेवटची बाब आमच्या मते औषधांच्या यादीपेक्षाही महत्त्वाची आहे. देखरेखीशिवाय अधिकार दिले तर भोंदूंचे फावेल, ही डॉक्टरांची भीती आम्ही समजू शकतो. परंतु अधिकार न देताच तिला राबवले जाते तेव्हा भोंदूंचे अधिकच फावते, हे आम्ही त्या खाटेवर पालथे पडून शिकलो.

याबाबतीत ख्रिस्तसभेनेही फार ऐटीत बोलू नये. धर्मभगिनींनी प्रसूती करू नये, असा दंडक आपल्याकडे दीर्घकाळ होता. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी १९२० साली गुंटूरला आल्या. धर्मभगिनी असूनही वैद्यकी करण्यासाठी त्यांना परमगुरूंची खास परवानगी लागली. बाळंतिणी मरत होत्या आणि जवळ शिकलेले हात होते, तरी सर्वसाधारण मुभा मिळण्यास ११ फेब्रुवारी १९३६ उजाडावा लागला. त्याच मेरी ग्लोरी यांनी १९४३ साली कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी केली. आपल्या मिशनच्या दवाखान्यांत एकट्या सिस्टरने किती पिढ्यांची बाळंतपणे केली, किती जखमा शिवल्या, याचा हिशेब आपल्या आजीबाईंना विचारावा. ती कोणत्या परवान्याने हे करते, हे तेव्हा कोणी विचारले नाही. आज विचारतात, आणि ते रास्त आहे.

परवा त्या माता पुन्हा भेटल्या. मुलीने दोन्ही प्रश्न लेखी विचारले होते. बिले दाखवू, असे उत्तर आले. मानेविषयीच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप यावयाचे आहे, आणि तोवर तिने जुनी नोकरी सोडलेली नाही.