विशेष गरजा असलेले बालक आणि आपल्या शाळा

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयामुळे अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही, असा निवाडा घटनापीठाने २०१४ साली दिला होता. त्याचा फेरविचार मोठ्या पीठाने करावा, असे मत या पीठाने नोंदवले. या वादात लक्ष जाते ते राखीव जागांकडे आणि शिक्षक पात्रता परीक्षेकडे. आम्ही मात्र वाचकांचे लक्ष बालवर्गात वा पहिलीत बसलेल्या, विशेष गरजा असलेल्या लहानग्याकडे वेधू इच्छितो.

या बालकाच्या बाबतीत दुसराच कायदा महत्त्वाचा आहे. २०१६ साली संमत झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते; नव्या कायद्यात ते २१ झाले. स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांचाही त्यांत समावेश झाला. शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या सर्व शाळांनी भेदभावाविना प्रवेश द्यावा, बालकाच्या गरजेनुसार सोयी कराव्यात व वैयक्तिक साहाय्य पुरवावे, अशी या कायद्याच्या १६ व्या कलमाची अपेक्षा आहे. अल्पसंख्याक शाळांना वगळणारा एकही शब्द त्या कलमात नाही. तेव्हा शिक्षण हक्क कायद्याच्या वादाचा निकाल काहीही लागो, या बालकाविषयीची आपली जबाबदारी तीच राहते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायद्यातही एक उणीव आहे आणि तिची झळ सर्वांत लहान बालकांना बसते. मोफत शिक्षणाची हमी ६ ते १८ या वयासाठी आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांसाठी आहे. अध्ययन अक्षमतेची चाळणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी करावी, असे २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितले होते. उलट, २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शिक्षणाचा पाया तिसऱ्या वर्षापासूनच धरते, आणि अंगणवाडीतील दिव्यांग बालकांसाठी केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. म्हणजे गरज तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसते आणि हक्काचा कागद मात्र कित्येक वर्षांनी हाती येतो. दाखल्याची वाट पाहत बसल्यास शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे हातून निसटतात. म्हणूनच साहाय्य दाखल्यापूर्वी सुरू झाले पाहिजे.

हे साहाय्य नेहमीच खर्चिक असते, असे नाही. ज्याला ऐकू कमी येते, त्याला शिक्षिकेचा चेहरा दिसेल अशा जागी बसवावे, आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ज्याची दृष्टी अधू आहे, त्याच्यासाठी अक्षरे मोठी काढावीत. स्वमग्न बालकाला पुढे काय होणार हे ठाऊक असले की त्याची अस्वस्थता कमी होते. त्यासाठी प्रार्थना, खेळ, डबा, घरी जाणे, असे चित्रांचे वेळापत्रक भिंतीवर लावता येते. एका वेळी एकच सूचना द्यावी. घंटेच्या आवाजाने घाबरणाऱ्या मुलाला आधी कल्पना द्यावी आणि शांत बसण्यासाठी वर्गात एक कोपरा राखावा. आज काय जमले, काय अवघड गेले, हे दोन ओळींत वहीत लिहून घरी कळवावे. या गोष्टींचा लाभ वर्गातील इतर मुलांनाही होतो.

परंतु एवढे सांगून सारा भार वर्गशिक्षिकेवर टाकणे अन्यायाचे ठरेल. गच्च भरलेल्या वर्गात तिने एकटीने किती पाहावे? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा १० विद्यार्थ्यांमागे १ आणि त्यापुढील वर्गांत १५ विद्यार्थ्यांमागे १ विशेष शिक्षक असे प्रमाण सुचवले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना ही पदे निश्चित करण्यास पुन्हा बजावावे लागले, यावरूनच प्रगती किती संथ आहे ते कळते. या पोकळीत काही शाळा पालकांनाच स्वखर्चाने मदतनीस आणावयास सांगतात. ज्या घरात दोघे मिळून जेमतेम संसार चालवतात, त्यांना ही अट म्हणजे नम्र शब्दांत दिलेला नकारच होय.

इतर मुलांच्या अभ्यासाचे नुकसान होते, अशी तक्रारही काही पालक करतात. ती उडवून लावू नये. जिथे साहाय्य नाही, तिथे गोंधळ होतो, हे खरेच. पण त्यावरील उपाय साहाय्य देणे हा आहे, बालकाला बाहेर काढणे हा नव्हे.

आमची सूचना व्यवहार्य आहे. शेजारच्या तीन-चार धर्मग्रामांतील शाळांनी मिळून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला एक विशेष शिक्षक नेमावा आणि त्याने ठरलेल्या दिवशी प्रत्येक शाळेत जावे. कायमस्वरूपी नेमणुका होईपर्यंत शाळांच्या गटासाठी असे फिरते शिक्षक वापरण्यास न्यायालयानेही वाव दिला आहे. खर्च विभागला जाईल आणि तो कोणा एका आईवडिलांच्या माथी पडणार नाही. वर्गशिक्षिका व मावशी यांना त्याच्याकडून प्रशिक्षण मिळेल, आणि प्रत्येक बालकाची लेखी योजना पालकांसमवेत बसून आखता येईल.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक व्यवस्थापनाने दोन प्रश्नांची उत्तरे तपासावीत: गेल्या वर्षी किती बालकांना आपण प्रवेश नाकारला, आणि प्रवेश दिलेल्यांपैकी कितीजण वर्षाच्या मध्येच शाळा सोडून गेले? पालकांनीही पालक-शिक्षक सभेत हे प्रश्न सौम्यपणे, पण निश्चित विचारावेत.