चाचणी रोज घ्या, गुण मात्र ठेवू नका

‘अभ्यासाला बस’ हे प्रत्येक घरात ऐकू येतं. बसून नेमकं काय करायचं, ते ना घर सांगतं ना शाळा. म्हणून हे मुद्दे, मुख्यतः शाळा व्यवस्थापन समित्यांतल्या पालकांसाठी.

१. मुलं धडा पुन्हा पुन्हा वाचतात, ओळी रंगवतात. वाचलेलं ओळखीचं वाटू लागतं आणि ‘येतं मला’ असा समज होतो. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी हा समज तपासला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून, तो बाजूला ठेवून, आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र आठवून लिहिलेला ५६ टक्के आठवला, दोनदा वाचलेला ४२. आदल्या रात्रीची घोकंपट्टी सकाळच्या पेपराला का पुरते आणि सुट्टीनंतर का उरत नाही, ते यावरून कळतं.

२. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी. पुस्तक न उघडता, रोज. त्यात अर्थाकडे दुर्लक्ष होई, हे खरंच. पण घोकंपट्टीला नावं ठेवता ठेवता आपण न बघता आठवण्याची सवयही टाकून दिली. ती सवय विज्ञानाला, इतिहासाला लावायला हवी होती.

३. गणितात अडचण वेगळी. एक प्रकरण शिकवलं की त्याखालची सगळी उदाहरणं त्याच रीतीची असतात. पायथागोरसच्या प्रकरणात पायथागोरसच वापरायचा, हे मुलाला आधीच ठाऊक असतं. कोणती रीत लावायची हे ठरवण्याची वेळ थेट परीक्षेत येते. गृहपाठात मागच्या प्रकरणांची दोन-तीन उदाहरणं मिसळा. खर्च शून्य.

४. ‘रोज चाचणी म्हणजे शिक्षकांवर आणखी एक ओझं?’ आक्षेप रास्त आहे. निवडणुका, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, यांतून शिकवायला उरतो किती वेळ! शिक्षण हक्क कायद्यातलं सातत्यपूर्ण मूल्यमापनही बऱ्याच ठिकाणी नोंदवह्या भरण्यातच अडकलं. म्हणून ही चाचणी नोंदवहीत चढू नये. तासाची शेवटची पाच मिनिटं पुस्तक मिटायचं, मागच्या आठवड्यातलं काय आठवतं ते लिहायचं, मग पुस्तक उघडून आपलं आपण तपासायचं. गुण नाहीत, सही नाही, प्रगतिपुस्तकात उल्लेख नाही. गुण आले की मूल चुका लपवू लागतं. आणि इथे तर चूक दिसायलाच हवी.

५. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बैठकीत छत, शौचालयं, खिचडी यांवर बोलणं होतं, आणि व्हायलाच हवं. त्याच विषयपत्रिकेवर या पाच मिनिटांच्या चाचणीचा ठराव घ्या. सुरुवात एका वर्गापासून, एका विषयापासून करा. सत्र संपल्यावर त्या वर्गातल्या मुलांनाच बैठकीला बोलावून उपयोग झाला का ते विचारा.