रानातली सुभद्रा

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली पुण्यात रंगमंचावर आलं. संगीत नाटकावर जीव असलेल्या रत्नागिरीत त्याची पदं आजही गायली जातात. नाटकात बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलेलं, तिचं मन मात्र अर्जुनावर. घटोत्कच तिला उचलून रानात नेतो. शेक्सपिअरच्या नाटकातली रोझलिंडही आर्डनच्या रानात जाते, पण पुरुषवेष घेऊन ती आपल्या प्रियकराला, ऑर्लँडोलाच प्रेमाचे धडे देते. ‘सौभद्रा’त वेषांतर पुरुषाचं, अर्जुन संन्यासी होतो. मला रोझलिंड अधिक धीट वाटते. दोन्ही नाटककारांना रान हवं होतं ते वडीलधाऱ्यांचा हुकूम पोचत नाही अशी जागा म्हणून. कोकणच्या प्रेक्षकाला रानातले काटे, जळवा, पाऊस सगळं ठाऊक असतं, तरी नाटकातल्या या रानाला तो जीव लावतो.