बुफेच्या ताटल्या

तर मंडळी, खाडीपलीकडे भाट्याला आतेभावाचं लग्न आहे. पानं ३००, जेवण बुफे. आणि सुपारीच्या पानाच्या 'इको-फ्रेंडली' ताटल्या म्हणे पुण्याहून मागवायच्या! अरे, १९५५ पासून जिथे नारळ संशोधन केंद्र आहे, त्या गावात झाडाचं पान कुरिअरने?

थर्माकोल महाराष्ट्राने २०१८ मध्येच बंद केला, प्लॅस्टिकच्या ताटल्या-चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद. म्हणून फेकायला दुसरं काहीतरी शोधायचं? बुफेत माणूस एका ताटलीवर थांबत नाही हो. गोडाला वेगळी, खाली ठेवलेली सापडली नाही की आणखी एक... वारा सुटला की किनाऱ्यावर पतंग.

सरळ स्टील भाड्याने घ्या. मंडपवाल्याकडे असतं, कित्येक वाड्यांत मंडळाची भांडीही असतात. हरवलेल्या नगाचे पैसे भरा, विषय संपला. "पण घासणार कोण?" हे विचारणाऱ्यांपैकी एकही जण घासणार नाहीये! घासणाऱ्या बायकांना ताटल्यांचे वाचलेले पैसे द्या ना. त्यांचे हात दिवसभर पाण्यात, आणि आम्ही मजुरीत घासाघीस करणार.

फोटोत स्टील डाउनमार्केट दिसतं म्हणे. दिसू दे.