म्हातारीची चूल वेगळी का दाखवायची?



श्रावणबाळ योजनेचे नाव गोड आहे. ६५ वर्षांवरच्या निराधार म्हाताऱ्या माणसाला महिना १,५०० रुपये. २०२३ सालापर्यंत हे १,००० होते. त्या साली रक्कम वाढली, पण अट जागची हलली नाही. साऱ्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे.

हा आकडा जरा मांडून पाहू. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. घरातल्या एकाने ७१ दिवस माती उचलली की २१,००० पार. कायद्याने तर तेव्हा घरटी १०० दिवस कामाची हमी दिली होती. म्हणजे सरकारच्या एका कायद्याचा पुरता लाभ घेतला की सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून आई बाद! यात शेतीचा एक पैसाही अजून धरलेला नाही.

शेती धरली तर आणखीच गंमत. कापसाची पट्टी हातात पडते ती ढोबळ रकमेची. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचाई आणि सावकाराचे व्याज गेल्यावर कोरडवाहूत काय उरते ते आम्हाला विचारा. ज्वारी तर घरच्या खाण्यापुरती. पण दाखला लिहिताना खर्च मोजतो कोण? सातबारा पाहिला, अंदाज ठोकला.

मग गावोगाव एकच तोड निघते. म्हातारीचे रेशनकार्ड वेगळे काढा, चूल वेगळी दाखवा. एका ताटात जेवणारी मायलेकरे कागदावर विभक्त होतात. आम्ही या घरांना खोटारडे म्हणणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी एक माणूस बसला की त्याचा रोज बुडतो, आणि महिन्याचे १,५०० म्हणजे जेमतेम पाच रोज. तेवढ्यासाठी खोटे बोलावे लागते याची लाज आम्हाला नको, अट घालणाऱ्याला हवी.

उत्पन्न धरायचे तर त्या म्हाताऱ्या माणसाचे स्वतःचे धरा, आणि शेतीचे धरताना उत्पादन खर्च वजा करा, एवढीच आमची मागणी आहे.

तोवर अर्ज सोडू नका. वयाचा पुरावा, महाराष्ट्रात १५ वर्षे राहिल्याचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक जमवा. दलालाला पैसा देऊ नका. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्या, नाहीतर माणूस जिवंत असून अनुदान थांबते. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा आणि तो कागद जिल्हा बैठकीला घेऊन या.