कर्जत व खालापूर तालुक्यांतील स्वमग्न मुलांच्या हालचालींच्या अडचणींची तपासणी व उपचार तालुक्यातच मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड, अलिबाग
(मार्फत : मा. तहसीलदार, कर्जत व मा. तहसीलदार, खालापूर)

विषय : स्वमग्नता व इतर चेताविकासात्मक विकार असलेल्या मुलांच्या कारक विकासाची वेळेवर तपासणी, उपचार, शालेय सोयी व आपत्तीकाळातील सुरक्षितता यांबाबत.

महोदय,

कर्जत व खालापूर तालुक्यांतील पालक, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि या मुलांसाठी काम करणारे नागरिक यांच्या वतीने हे निवेदन सादर करण्यात येत आहे. मेंदूची व मज्जासंस्थेची घडण होत असतानाच ज्या विकारांची सुरुवात होते आणि ज्यांचा परिणाम बोलणे, शिकणे, लक्ष देणे, इतरांशी नाते जोडणे व शरीर हलवणे यांवर होतो, त्यांना चेताविकासात्मक विकार म्हणतात. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा त्यांतील एक आहे. स्वमग्न मूल नजरेला नजर देत नाही, हाक मारली तरी वळत नाही, बोलत नाही किंवा तेच तेच बोलते, एवढे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. परंतु यांपैकी बहुसंख्य मुलांना तोल सांभाळणे, हातांनी बारीक काम करणे आणि एकापाठोपाठ एक हालचाली जुळवणे हेही अवघड जाते, ही बाब तपासणीतही मागे राहते आणि उपचारातही. या निवेदनातील सर्व मागण्या या एका उणिवेतून निघालेल्या आहेत.

ही उणीव ज्ञानाच्या अभावामुळे राहिली आहे, असे म्हणता येत नाही. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले, त्यातच काही मुलांच्या चालण्यातील अवघडलेपणाची नोंद आहे, आणि हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी पुढच्याच वर्षी आपल्या निरीक्षणातील मुलांच्या हालचालींतील बेंगरूळपणा स्पष्टपणे मांडला. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदान-संहितेच्या 2013 च्या आवृत्तीने चालण्यातील विचित्रपणा, चवड्यांवर चालणे आणि अवघडलेल्या हालचाली यांना निदानाला पुष्टी देणाऱ्या खुणांमध्ये स्थान दिले, मात्र निदानाच्या मुख्य निकषांत त्यांचा समावेश केला नाही. डेलावेअर विद्यापीठातील अंजना भट यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीच्या आधारे, स्वमग्न मुलांपैकी सुमारे 87 टक्के मुलांना कारक अडचणींचा धोका असल्याचे आढळले आणि फिजिओथेरपी मात्र त्यांच्यापैकी एक तृतीयांशाहूनही कमी मुलांना मिळत होती. प्रश्नावलीतून दिसतो तो धोका, पक्के निदान नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीही अमेरिकेसारख्या साधनसंपन्न देशात ही स्थिती असेल, तर डोंगराळ तालुक्यातील मुलाच्या वाट्याला काय येत असेल, याचा विचार प्रशासनाने करावा.

कारक कौशल्ये दोन प्रकारची असतात. मान धरणे, बसणे, चालणे, उडी मारणे, चेंडू झेलणे यांसाठी शरीरातील मोठे स्नायू वापरले जातात, म्हणून ती स्थूल कारक कौशल्ये. बटण लावणे, घास करून तोंडात घालणे, पेन्सिल धरणे ही बोटांची कामे म्हणजे सूक्ष्म कारक कौशल्ये. या दोन्हींच्या मुळाशी कृतिनियोजन असते, म्हणजे कोणती हालचाल आधी व कोणती नंतर, किती जोराने आणि कोणत्या दिशेने करायची, हे मेंदूने क्षणार्धात ठरवणे. ज्या मुलाचे स्नायू सशक्त आहेत, परंतु कृतिनियोजन कच्चे आहे, ते मूल शर्ट हातात धरून नुसते उभे राहते आणि घरच्यांना ते आळशी किंवा हट्टी वाटते. शब्द उच्चारणे हीसुद्धा ओठ, जीभ व श्वास यांची बारीक जुळवाजुळव असल्यामुळे काही मुलांचे न बोलणे हेदेखील अंशतः हालचालींचा प्रश्न असतो, आणि त्या मुलाला सर्व काही कळत असूनही त्याला काहीच कळत नाही असा समज होतो. या समजातून जो अन्याय होतो, तो आयुष्यभर पुरतो.

खांडस, नांदगाव, कशेळे या बाजूच्या वाड्यांत किंवा खालापुरातील डोंगरउतारावरच्या वस्त्यांत या अडचणींना वेगळे वजन येते. तेथे मुलाला शेताच्या बांधावरून चालावे लागते, पावसात निसरड्या पायवाटेने शाळा गाठावी लागते, ओढा ओलांडावा लागतो, उकिडवे बसून शौचास जावे लागते आणि थोडे मोठे झाल्यावर पाण्याची कळशी उचलावी लागते. सपाट रस्त्यावर जेमतेम झाकली जाणारी तोलाची अडचण येथे शाळा सुटण्याचे कारण ठरू शकते. भारतातील पाच ठिकाणी, ज्यांत उत्तर गोव्याचाही समावेश होता, 2 ते 9 वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास होऊन 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानुसार साधारण आठांतील एका मुलाला कोणता ना कोणता चेताविकासात्मक विकार होता आणि अशा मुलांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाला एकाहून अधिक विकार होते. ठिकाणागणिक हे प्रमाण बरेच बदलत होते, त्यामुळे ते आकडे कर्जत-खालापूरला तसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. येथील मुलांची गणना येथेच व्हायला हवी.

या तालुक्यांत निदान चुकण्याची आणखी एक वाट आहे. कुपोषण, रक्तक्षय किंवा वारंवारचे आजारपण यांमुळेही मूल उशिरा बसते व उशिरा चालते, आणि आदिवासी वाड्यांत कुपोषणाकडे आरोग्य यंत्रणेचे लक्ष असल्यामुळे उशिरा चालणाऱ्या मुलाचे सारे काही वजनाच्या तक्त्यावर ढकलले जाण्याचा धोका असतो. पोषण सुधारल्यावरही हालचाली मागे राहिल्या, तर त्या मुलाची वेगळी तपासणी व्हायला हवी. याउलट चवड्यांवर चालणारे किंवा वारंवार पडणारे प्रत्येक मूल स्वमग्न असते असेही नाही. मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचे आजार किंवा केवळ विकासात्मक समन्वय विकार, म्हणजे दुसरे कोणतेही कारण नसताना हालचाली जुळवता न येणे, यांपैकी काहीही असू शकते. आधी येत असलेले कौशल्य मूल गमावू लागले, तर मात्र एक दिवसही न दवडता त्याला तज्ज्ञांकडे पाठवले पाहिजे. हा भेद करणे अंगणवाडी सेविकेचे काम नाही. तिने शंका नोंदवावी आणि पुढची दारे उघडी असावीत, एवढीच अपेक्षा आहे.

म्हणून सर्वांत महत्त्वाची मागणी तपासणीची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाली. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात कारक विकासातील विलंब आणि स्वमग्नता या दोन्ही बाबी मुळापासून समाविष्ट आहेत. परंतु कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडण्याच्या कामावर बाहेर पडतात व पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे जानेवारीत वाडीवर गेलेल्या पथकाला ज्यांची तपासणी सर्वांत गरजेची तीच मुले भेटत नाहीत. दोन्ही तालुक्यांतील आदिवासी वाड्यांची एक तपासणी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळातच पूर्ण व्हावी, दुसरी भट्ट्यांच्या ठिकाणी जाऊन व्हावी, आणि मुलाची नोंद कुटुंबाच्या मागोमाग जावी, अशी व्यवस्था आरोग्य व महिला-बालविकास विभागांनी मिळून करावी. कातकरी ही विशेष असुरक्षित आदिवासी जमात असल्याने 15 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानातील फिरत्या वैद्यकीय पथकांनाही या कामात जोडता येईल, आणि त्यासाठी पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचा सहभाग घ्यावा.

तपासणीत काय पाहायचे, हेही ठरवून द्यावे. माता बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे छापलेले असतात. ते केवळ न भरता प्रत्यक्ष करून पाहिले जावेत. ज्यांच्या मोठ्या भावंडाला स्वमग्नता आहे अशा बाळांच्या अभ्यासांत, सहाव्या महिन्यात हात धरून उठवताना मान मागे पडणे हे पुढे स्वमग्नता आढळलेल्या बाळांत अधिक दिसले आहे. ही खूण बघायला कोणतेही यंत्र लागत नाही, म्हणून ज्या घरात एक स्वमग्न मूल आहे तेथील पाठच्या बाळाकडे आशा व अंगणवाडी सेविकांनी विशेष लक्ष द्यावे. मोठ्या मुलांसाठी एका पायावर उभे राहणे, जिना चढणे-उतरणे, चेंडू झेलणे, मणी ओवणे आणि ओळ उतरवून घेणे एवढ्या पाच कृती पुरेशा आहेत. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यप्रणाली जाहीर केली आहे. तिचे प्रशिक्षण दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक सेविकेला, शक्य तेथे ठाकर व कातकरी बोली जाणणाऱ्या प्रशिक्षकाकडून मिळावे.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देताना वापरल्या जाणाऱ्या भारतीय स्वमग्नता मापन श्रेणीत सहा विभागांत मिळून 40 बाबी आहेत. हात फडफडवण्यासारख्या पुनरावृत्त हालचालींची दखल त्यांत आहे, पण तोल, चालणे, लेखन किंवा स्वतःची कामे करण्यातील हातांची अडचण यांसाठी स्वतंत्र विभाग नाही. ही श्रेणी बदलणे जिल्हा प्रशासनाच्या हाती नाही, याची जाणीव आहे. मात्र तिच्या जोडीला व्यवसायोपचारतज्ज्ञाने, म्हणजे रोजच्या कामांसाठी लागणारी कौशल्ये शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने, केलेला कारक तपासणीचा एक पानी अहवाल प्रत्येक मुलाच्या कागदपत्रांत असावा, असा आदेश जिल्हास्तरावर सहज काढता येईल. विकासात्मक समन्वय विकार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत स्वतंत्रपणे आलेला नाही. त्यामुळे केवळ हा विकार असलेल्या मुलाला प्रमाणपत्र मिळत नाही म्हणून उपचारही नाकारला जाऊ नये.

उपचार तालुक्यातच मिळावेत, ही मागणी पहिल्या मागणीइतकीच निकडीची आहे, कारण तपासणी करून पुढे काहीच न करणे पालकांसाठी क्रूर ठरते. उक्त अधिनियमाच्या कलम 25 प्रमाणे दिव्यांगांना, विशेषतः ग्रामीण भागात, जवळपास मोफत आरोग्यसेवा मिळणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र खारघर येथे, म्हणजे याच जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात आहे. तथापि आठवड्यातून दोनदा मूल घेऊन कशेळ्याहून खारघरला किंवा थेट रेल्वे नसलेल्या अलिबागला जाणे म्हणजे प्रत्येक खेपेस दिवसाची मजुरी बुडवणे. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे व चौक येथील ग्रामीण रुग्णालये आणि खोपोली शहर येथे ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ उपलब्ध करावेत, त्यासाठी खारघरच्या केंद्राशी करार करावा आणि या रुग्णालयांत अशी किती पदे मंजूर आहेत व किती भरलेली आहेत हे जाहीर करावे. उपचाराचा भर पालकांना शिकवण्यावर असावा. हालचालींच्या अडचणींत मुलाला जे काम करायचे आहे तेच काम टप्प्याटप्प्याने, रोज थोडे, घरच्या वस्तूंनी करून घेणे उपयोगी ठरते, असे विकासात्मक समन्वय विकाराविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. तांब्याने पाणी ओतणे, भाकरीचा तुकडा मोडणे, गाठ मारणे, बांधावरून चालणे हाच येथील मुलाचा अभ्यासक्रम असावा.

शाळांच्या बाबतीत मागणी थोडक्यात अशी की, ज्याचा हात चालत नाही त्याच्या बुद्धीचे मोजमाप त्याच्या अक्षरावरून होऊ नये. अधिनियमाच्या कलम 17 नुसार शाळेतील मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण अपेक्षित आहे. त्यात कारक अडचणींचा रकाना असावा. पाय टेकतील असे आसन, फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी छापील मजकूर, तोंडी उत्तराची मुभा, वाढीव वेळ व लेखनिक या सोयी दहावीच्या वर्षाची वाट न पाहता पहिलीपासून मिळाव्यात, आणि आश्रमशाळांनाही हेच नियम लागू असावेत. कवायतीत पाऊल चुकते म्हणून कोणत्याही मुलाला शिक्षा होऊ नये.

प्रमाणपत्रासाठीची शिबिरे कर्जत व खोपोली येथे दर तीन महिन्यांनी, स्वमग्नतेचे मापन करू शकणाऱ्या तज्ज्ञांसह व्हावीत. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतील एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण या प्रमाणपत्रावरच अवलंबून असते. तसेच स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी वर्षाअखेरीस वस्तुवाटपात संपवण्याऐवजी त्यातून उपचारतज्ज्ञांचे मानधन व पालकांचा प्रवासखर्च भागवावा, असे दोन्ही तालुक्यांतील नगरपरिषदा व ग्रामपंचायतींना कळवावे.

शेवटची बाब जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने खास आपल्या अखत्यारीतील आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तेथे पोहोचायला पायवाटेशिवाय मार्ग नव्हता. अशा वाडीतून अंधारात, पावसात उतरायची वेळ आली, तर तोल नसलेले, मोठ्या आवाजाने जागच्या जागी थिजणारे आणि अनोळखी माणसाने हात धरताच निसटून पळणारे मूल सर्वांत आधी मागे राहील. अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद प्राधिकरणाने ठेवायची आहे. दोन्ही तालुक्यांतील दरडप्रवण वाड्यांमध्ये अशा मुलांची यादी दरवर्षी मे महिन्यात अद्ययावत करावी, प्रत्येक मुलामागे त्याच्या ओळखीची दोन प्रौढ माणसे नेमावीत, त्याला उचलून नेण्याची झोळी वाडीतच ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वीच्या सरावात त्या मुलाला प्रत्यक्ष सामील करून घ्यावे.

वरील मागण्यांवर विचार करण्यासाठी अधिनियमाच्या कलम 72 खालील जिल्हास्तरीय समितीची बैठक कर्जत येथे बोलवावी, तीत दोन्ही तालुक्यांतील पालकांना म्हणणे मांडू द्यावे आणि कोणत्या मागणीवर कोणत्या विभागाने कोणत्या मुदतीत काय करायचे, हे लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
कर्जत व खालापूर तालुक्यांतील पालक, अंगणवाडी सेविका, शिक्षक व नागरिक

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, रायगड
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, अलिबाग
मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, पेण